शेटजींचा मुका ड्रायव्हर

सिद्धप्पा शेटजींची लाल रेसची गाडी चौदा वर्षं गोदामात ताडपत्रीखाली उभी होती. शहात्तर साली त्यांच्या पत्नीनं, काशम्मांनी, ती चालू करायला गैबीसाब मिस्त्रीला बोलावलं.

गैबीसाबला गाडीपेक्षा तिच्या ड्रायव्हरचं कुतूहल जास्त. होटगी रोडवर शर्यती लागायच्या, तेव्हा कानटोपी आणि गॉगल घातलेला शेटजींचा मुका ड्रायव्हर सगळ्यांना मागं टाकायचा म्हणे. शेटजी वारले आणि तोही पुन्हा कुणाला दिसला नाही.

आठवडाभर खपून गैबीसाबनं टाकीतला गंज काढला, कार्बोरेटर धुतला. मग सीटवर बसायला गेला, तर गुडघे स्टिअरिंगला अडले. सीट पार पुढं ओढलेली होती.

"अक्का, ड्रायव्हर लई बुटका होता की! कुटं असतो आता?"

"हितंच," काशम्मा म्हणाल्या.

गैबीसाब त्यांच्याकडं बघतच राहिला. "पण तो तर मुका होता."

"बोलले असते तर बाईचा आवाज कळला असता की."

हँडल मारताच इंजिन धडधडलं. काशम्मांनी पदर खोचला आणि गैबीसाबला शेजारी बसवलं. सात रस्ता चौकापर्यंत त्या सावकाश गेल्या. पुढं रस्ता मोकळा दिसला, तसा गैबीसाबनं दोन्ही हातांनी दरवाजा घट्ट धरला. डोळे मात्र त्यानं मिटले नाहीत; हे त्याला पुरतं बघायचं होतं.