माझ्या तळाची भोकं

मित्रांनो, माझ्या तळाला एवढी मोठी भोकं आहेत की त्यांतून तांदूळ तर सोडाच, शेंगदाणेही गळतील. हसू नका! मी तळवली गावची एक जुनी बांबूची रोवळी आहे आणि माझा सगळा दिमाख त्या भोकांतच आहे.

कमळाकर बुरूड मला विणत होता, तेव्हा सखूबाई त्याच्यासमोर ठाण मांडून बसली होती. "करंगळी आत जायला पायजे, दादा," ती पुन्हा पुन्हा बजावत होती. ओहोटी लागली की ती खाडीच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचायची, माझ्यात टाकायची आणि पाण्यात मला गदागदा हलवायची. मोठ्या तिसऱ्या माझ्याजवळ राहायच्या, चिमुकल्या भोकांतून चिखलात परत जायच्या. वीस वर्षं आम्ही दोघींनी हेच केलं. फार सुखाचे दिवस होते ते.

मग सखूबाईचे गुडघे धरले. खांदेश्वरला लेकीच्या सोसायटीत लिफ्ट आहे, म्हणून ती तिकडे राहायला गेली आणि मी सुनेच्या, नमिताच्या हाती आले. नमिता मोठी कष्टाळू. तिला माझी दया आली. "फाटली बिचारी," म्हणत तिने माझं एकेक भोक नायलॉनच्या दोऱ्याने मायेने शिवलं. मला वाचा असती तर! पहिल्या वर्षी मी शिगोशीग भरले. तिसऱ्या वर्षी माझा तळही झाकेना आणि बाजारात नमिताची पाटी रिकामी राहू लागली.

नमिताची लेक उन्नती कॉलेजात खाडीतल्या जीवांचा अभ्यास करते. तिने चिखल चाळला, पट्टीने तिसऱ्या मोजल्या आणि ओट्यावर ढीग लावले. बारक्या पुष्कळ निघाल्या, मोठ्या फक्त दोन.

"मम्मी, नुसती पोरंच आहेत. आईबाप कुठेत? मग नवीन पिल्लं येणार कुठून?"

नमिताचा चेहरा उतरला. त्याच आठवड्यात सखूबाई घरी आली. तिने मला उलटं केलं, दोऱ्यावरून बोट फिरवलं.

"आगं, ही भोकं कुनी शिवली? बारकी पोरं ताटात गेली, तं आयबाप व्हनार कोन?"

"आई, मला वाटलं फाटलीय."

"मीच सांगाया पायजे व्हतं," सखूबाई म्हणाली आणि तिने विळी पुढे ओढली. दोरे तुटत गेले तशी मी मोकळी झाले.

पुढची दोन वर्षं ओढाताणीची गेली, पण नमिताने एकही दिवस मला पाण्यात हलवायचं सोडलं नाही. परवा उन्नतीने पुन्हा ढीग लावले. मोठ्यांच्या ढिगात एकवीस! नमिताने त्या दोनदा मोजल्या आणि मग ते सगळे आईबाप ती स्वतः खाडीत सोडून आली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची डागडुजी जरूर करा. फक्त सुईत दोरा ओवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, हे भोक कशासाठी ठेवलंय?