मेंढी बघू का काच बघू?

कॅमेरा घेतला तेव्हा लेन्सचा विचारच माझ्या डोक्यात आला नाही. कॅमेरा सेकंडहँड असला तरी भारीतला. फोटोतली माशी मोठी करत नेली तर तिच्या पायावरचे केस दिसावेत असा. पण त्याच्यावर माझी जुनी लेन्स चढवली, आणि माशी म्हणजे नुसता काळा ठिपका. दात होते, चणे नव्हते. त्या कॅमेऱ्याच्या तोडीची नवी लेन्स घ्यायची तर आबांच्या निम्म्या मेंढ्या विकाव्या लागल्या असत्या, आणि आबांनी त्याआधी मला हाकललं असतं.

आबा म्हणजे माझे वडील, मुंजाबा. ते गंगापूरकडे मेंढ्या राखतात. मी शालू, शहरात उस्मानपुऱ्यात एक खोली घेऊन राहते आणि बारशी, वाढदिवस, डोहाळजेवणं असले फोटो काढते. आमचं दोघांचं ठरलं होतं, की दिवाळीपर्यंत या धंद्यात पाय रोवला नाही तर कॅमेरा विकायचा आणि वाळूजच्या कंपनीत पॅकिंगला जायचं. ती नोकरी थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, रामप्रसाद दाजींनी, बघून ठेवली होती. दाजी उठसूट फोन करायचे, "काय मग फोटोवाल्या बाई, कधी येताय?" माणूस मनाचा चांगला आहे, पण त्या प्रश्नाने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

अशात विशाखा मॅडमचं काम चालून आलं. त्या क्रांती चौकाजवळ घोंगड्यांचं दुकान उघडणार होत्या आणि दारासमोरची अख्खी भिंत भरून त्यांना मेंढीच्या तोंडाचा फोटो हवा होता. "लोकरीची बट न् बट दिसली पाहिजे," त्या म्हणाल्या. फोटो पसंत पडला तर दुकानाचं वर्षभराचं काम माझं. नाही पडला तर पुण्याचा एक फोटोग्राफर त्यांनी हेरूनच ठेवला होता. मला वाळूज समोर दिसायला लागलं.

मग मी जुन्या लेन्सच्या मागे लागले. रोलच्या जमान्यातल्या, हाताने कडं फिरवून फोकस करायच्या. आता त्या कुणाला नकोत म्हणून स्वस्त मिळतात, मध्ये एक अडॅप्टर लावला की नव्या कॅमेऱ्यावर बसतात, आणि त्यातल्या काही आजच्या महागड्या लेन्सना लाजवतील इतक्या धारदार असतात. कोणत्या, ते मात्र त्यांच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

पहिली जाफर गेटच्या बाजारात मिळाली, नळाच्या तोट्या आणि मिक्सरच्या भांड्यांच्या ढिगात.

"आँखा मूंद के लेव बाजी, जापान की है," विकणारा म्हणाला.

"आँखा मूंद के लूँगी तो फोटो कौन निकालेगा?" मी म्हटलं. लेन्स उन्हाकडे धरली तर आत बुरशीचं बारीक जाळं. ते दाखवून मी भाव पाडला आणि घेतली.

बाकीच्या दोन बद्रीनाथ काकांकडच्या. काकांचा स्टुडिओ बंद पडून जमाना झाला, पण सामानाचं कपाट ते अजून तिजोरीसारखं जपतात. एक लेन्स लांबलचक, चकचकीत, हातात घेतली की नवरदेवासारखी ऐटबाज. ती त्यांनी मोठ्या जिवावर येऊन विकली. दुसरी आखूड, रंग उडालेली, भाजलेल्या वांग्यासारखी. "ही अशीच ने," काका म्हणाले. "गेलेल्या माणसांचे छोटे फोटो मोठे करून द्यायचो ना, तेव्हा त्या फोटोंचे फोटो काढायला वापरायचो. तुला काय कामाची?" मलाही तसंच वाटलं, पण फुकटचं कोण सोडतंय!

तिन्ही घेऊन मी गंगापूरला गेले. आबांनी एका बागायतदाराच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. ऊन इतकं रखरखीत, की कॅमेऱ्याच्या पडद्यावर मला माझंच तोंड दिसत होतं. तेव्हा मला एक भारी युक्ती सुचली. निदान तेव्हा ती भारी वाटली. आबांची नजर म्हणजे घार. सगळ्या मेंढ्या ते तोंडावरून ओळखतात, आईवरून, आजीवरून ओळखतात. म्हटलं, तीन लेन्सनी तीन फोटो काढायचे आणि आबांना विचारायचं, ही मेंढी कोणती? ज्या फोटोतली ओळखता येईल ती लेन्स खरी.

आबांनी डोक्यावरून घोंगडी घेतली, आत कॅमेरा घेतला.

"ही भुरी," आतून आवाज आला. दुसरा फोटो दाखवला. "ही भुरीच्या पाठची." तिसरा. "ही काणी. लई वांड हाय."

तिन्ही पास! मी खूश. तिन्ही सारख्याच चांगल्या असतील तर मग नवरदेवच का नको? एवढ्या मोठाल्या फोटोंनी कार्ड भरत आलं होतं, म्हणून बाकीच्या दोन लेन्सचे फोटो पुसून टाकले आणि त्या चकचकीत लेन्सने भुरीचे ढीगभर फोटो काढून आणले.

विशाखा मॅडमनी कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला. अजून मोठा केला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "शालू, ही मेंढी आहे की पिंजलेला कापूस?" लोकर सगळी लापशी झाली होती. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "आठवडा देते," त्या म्हणाल्या. "पुण्याला तोवर थांबवते."

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन मी पुन्हा रानात. मनात एक शंका होती, म्हणून आधी मुद्दाम कडं भलतीकडे फिरवून एका मेंढीचा पाठमोरा, पार धुरकट फोटो काढला आणि आबांना दाखवला.

"काणी," आबा लगेच म्हणाले.

"आबा, ह्याच्यात काय दिसतंय? नुसता धूर हाय!"

"तिची उभी ऱ्हायची रीत दिसती की."

"मग तुम्ही मागच्या खेपेला तिन्ही लेन्स पास कशा केल्या?"

"तू मला मेंढी कोणती म्हणून इचारलंस. लेन्स कशी, ते कुठं इचारलं? आता मेंढी बघू का काच बघू?"

मी कपाळावर हात मारून घेतला. ज्या माणसाला नुसत्या सावलीवरून मेंढी ओळखू येते, त्याला मी फोटोच्या धारेची पारख करायला बसवलं होतं. आळशी मी, लेन्सची परीक्षा स्वतः घ्यायची सोडून आबांची घेतली, आणि ते पहिल्या नंबराने पास झाले. राग आबांवर काढायची सोय नव्हती, म्हणून लेन्सवर काढला. नवरदेव पिशवीत कोंबला. बाजारातलीने नवा फोटो काढून घोंगडीखाली लॅपटॉपवर बघितला, तर त्यावर साय धरल्यासारखं. राहिलं जळकं वांगं. त्याने भुरीच्या तोंडाशी जाऊन, कडं केसभर केसभर फिरवत एक फोटो काढला. तो लॅपटॉपवर उघडून सवयीने आबांच्या पुढे सरकवला.

आबांनी घोंगडी डोक्यावर घेतली.

"कोणती हाय?" मी विचारलं.

आबांनी घोंगडी भिरकावली. "अगं शाले, हिच्या डोळ्यात कुसळ हाय!" आणि या वयात असे पळाले, की मेंढ्या दुतर्फा पांगल्या. भुरीला गुडघ्यात धरून, पापणी वर करून त्यांनी बोटाच्या टोकाने ते काढलं. गवताचं केसाएवढं कुसळ, डोळ्याच्या कोपऱ्यात रुतलेलं. मी लॅपटॉपकडे धावले. खरंच होतं, आणि त्याच्या भोवतीची एकेक पापणी सुटी सुटी दिसत होती. मी रानात नाचलेच.

"हाच फोटो देते!"

"खबरदार!" आबा कडाडले. "चौकात भितीवर लावणार, अन् लोक काय म्हणतील? मुंजाबाच्या मेंढीच्या डोळ्यात कुसळ, अन् मुंजाबाला पत्त्याच नाय? सकाळपासनं सलत असंल तिला. अन् मला दिसलं नाय, तुझ्या त्या जळक्या काचंला दिसलं."

शेवटचं वाक्य ते अगदी हळू बोलले. मी तो फोटो त्यांच्या देखत पुसला. मग आबा माझ्या शेजारी उकिडवे बसले, हात पुढे करून भुरीला "य्ये, य्ये" म्हणत राहिले. ती डोळा मिचकावत थांबली, शांत झाली, आणि मी कडं फिरवून बटण दाबलं.

विशाखा मॅडमनी तो फोटो मोठा करत करत डोळ्यापर्यंत नेला आणि तिथेच थांबल्या. "पुण्याला नकार कळवते," एवढंच म्हणाल्या.

उद्घाटनाला आबा धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून जीपने आले. दारातूनच त्यांनी जाहीर केलं, "भुरी." लोक हसले. आबा भिंतीजवळ गेले, ताटाएवढ्या झालेल्या त्या डोळ्यासमोर उभे राहिले. आडवी काळी बाहुली, तिच्या वर आभाळाचा तुकडा, आणि त्यात हात पुढे केलेला एक पटकेवाला माणूस.

"शाले, हिच्या डोळ्यात ह्यो म्हातारा कोण?"

"तुम्हीच हाय की, आबा."

"व्हय गं," ते म्हणाले. "म्हंजी ती माझ्याकडंच बघत व्हती." त्यांनी पटक्याच्या शेवाने डोळे पुसले, आणि मग मलाही रडू आवरेना. आमच्याकडे बघून विशाखा मॅडम पेढ्यांचं ताट हातात घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दाजी. आबांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"जावई, ती नोकरी दुसऱ्या कुणाला तरी द्या. शालीला आता सवड नाय," ते म्हणाले, आणि फोन कुठे बंद करतात ते न कळल्याने तसाच माझ्या हातात दिला. दाजी आत हॅलो हॅलो करत होते.