एक मीटरसुद्धा नाही

“साधे टायरच सांगते मी,” नेवेना म्हणाली. “स्टेपनीसकट. शोरूमवाला यावोर दुपारी फोन करणार आहे. आज नाही सांगितलं तर नवी गाडी महिनाभर पुढे जाईल.”

तिचा सासरा त्सांको पाण्याच्या टबात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होता. सापडल्यावर त्याने जागा पुसली, पेन्सिलीने फुली मारली. सून कागद घेऊन दारात उभी होती. कागदावर दोन चौकोन होते. एक साध्या टायरचा, दुसरा रन-फ्लॅटचा, म्हणजे हवा गेली तरी ऐंशीच्या वेगाने ऐंशी किलोमीटर चालणाऱ्या टायरचा. ते टायर घेतले की गाडीत स्टेपनी नसते, जॅक नसतो, पानाही नसतो.

“यावोर काय म्हणतो?”

“तो म्हणतो, बाई, रन-फ्लॅट घ्या. मी म्हटलं, माझे सासरे लुकोवितचे पंक्चरवाले. ते टायर घालून गेले तर मला दारात उभं करणार नाहीत.” ती हसली. “तुम्हीच म्हणायचात ना, ठिगळ लागत नाही तो टायर नव्हे, नखरा.”

त्सांको खरंच तसं म्हणायचा. नव्या टायरसाठी वर्षभर नंबर लावावा लागे, त्या काळात तो हा धंदा शिकला होता. बसलेल्या टायरवर कुणी गाडी रेटत आणली की तो त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. भिंतीवर त्याने स्वतःच्या हाताने लाल रंगात पाटी रंगवली होती : हवा गेल्यावर एक मीटरसुद्धा नाही. गावात लोक म्हणत, त्सांकोकाकाला माणूस लंगडत आलेला चालतो, गाडी नाही.

दुकानाच्या दारावर त्याच्या मुलाचा, नेवेनाच्या नवऱ्याचा, प्लामेनचा फोटो असलेला मृत्युलेख चिकटवलेला होता. मागच्याच आठवड्यात, वर्ष पुरं झाल्यावर रीतीप्रमाणे, जुना काढून नवा लावला होता. वर ठळक अक्षरांत ‘तीन वर्षं तुझ्याविना’.

तेव्हाही मार्च महिनाच होता. सोफियाहून परतताना महामार्गावर प्लामेनच्या मागच्या डाव्या चाकात खिळा घुसला. कडेची पट्टी अरुंद. चाक उतरवून त्याने बाजूला ठेवलं, स्टेपनी बसवायला वाकला आणि मागून ट्रक आला. उतरवलेलं चाक शाबूत राहिलं. ते आता दुकानात मागच्या खुंटीला टांगलेलं होतं, खिळ्यासकट. ते पंक्चर काढणं म्हणजे चार मिनिटांचं काम. त्सांकोने ते केलं नव्हतं.

नेवेना दर शुक्रवारी लेकीला, कालिनाला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोफियाला नेत असे. त्याच रस्त्याने.

“रन-फ्लॅटवर खूण कर,” त्सांको म्हणाला.

“बाबा, ताप आहे का तुम्हाला?”

“कर म्हणतो ना.”

“ते दगडासारखे कडक असतात. खड्ड्यात कंबर मोडते, तुम्हीच सांगायचात.”

“मोडू दे कंबर.”

“आणि पंक्चर झालं की फेकून द्यायचा. तुमच्याकडे आणायचाच नाही.” तिने कागदाची घडी केली, उलगडली. “मग मी इथे यायचं कशाच्या निमित्ताने?”

त्सांकोला आत्ता उमगलं. साधे टायर तिला गाडीसाठी नव्हे, इथे येत राहण्यासाठी हवे होते. त्याने हात टबात बुडवले, चिंधीला पुसले, पुन्हा पुसले.

“प्लामेनने मला फोन केला होता,” तो म्हणाला. “रस्त्यावरून. म्हणाला, बाबा, हवा चाललीय. पुढे दोन किलोमीटरवर पेट्रोल पंप आहे, हळूहळू जाऊ का तिथपर्यंत?”

नेवेना हलली नाही.

“मी म्हटलं, एक मीटरसुद्धा नाही. टायर नवा आहे, आहेस तिथे थांब. ओरडलो त्याच्यावर. अडतीस वर्षांचा बाप्या, पण ओरडलो. आणि त्याने ऐकलं.”

कॉम्प्रेसर सुरू झाला. त्सांकोने जाऊन तो बंद केला.

“मला माहीत आहे,” नेवेना म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“पोलिसांनी त्याचा फोन परत दिला, तेव्हा शेवटचा कॉल तुम्हाला केलेला होता. एक मिनिट दहा सेकंद. पंक्चर झालेल्या माणसाशी तुम्ही दुसरं काय बोलणार होता?”

“मग तीन वर्षं बोलली का नाहीस, पोरी?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.”

तुमचा काय दोष, असं ती म्हणाली नाही. ती तसं म्हणेल याचीच त्सांकोला धास्ती होती. तिने कागद टेबलावर ठेवला, त्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि दुसऱ्या चौकोनात फुली मारली.

“शनिवारी जेवायला येते,” ती म्हणाली. “बिननिमित्ताची.”

गाडी एप्रिलच्या शेवटी आली. पहिल्याच शुक्रवारी सोफियाला निघताना नेवेनाने ती दुकानापुढे उभी केली. कालिनाने डिकी उघडून आतलं झाकण उचललं.

“आजोबा, इथलं चाक कुठे गेलं? नुसता खड्डा आहे!”

“लागत नाही ते.”

“आणि पंक्चर झालं तर?”

“तसंच चालवत राहायचं. टायर फाटू दे, रिम जाऊ दे. पंप येईपर्यंत थांबायचं नाही. आई थांबायला लागली तर तू ओरडायचं तिच्यावर.”

“किती मोठ्याने?”

“माझ्याएवढ्या.”

लांब निघालेल्याच्या वाटेवर पाणी ओतायचं असतं, म्हणजे सगळं पाण्यासारखं सुरळीत होतं. घरात हे काम त्याची बायको करायची, ती होती तोवर. त्सांकोकडे तांब्या नव्हता. त्याने टबातलंच मगभर पाणी घेतलं आणि गाडीपुढे रस्त्यावर ओतलं. चाकं त्यावरून गेली. वळणावर कालिनाचा हात खिडकीबाहेर दिसला, मग गाडी दिसेनाशी झाली.

तो आत आला. खुंटीवरचं चाक काढलं, त्यात हवा भरली आणि टबात बुडवलं. खिळ्याच्या कडेने बारीक बुडबुडे वर येऊ लागले, एकामागून एक. त्सांको पक्कड हातात धरून स्टुलावर बसला. खिळा न उपसता, हवा संपेपर्यंत बसून राहिला.