पहिली सही

सिनेमा संपला, सभागृहातले दिवे लागले, पण टाळी एकाचीही वाजली नाही. बेचाळीस घरांची माणसं बसली होती आणि ती सगळी मान वळवून शिवणबाईकडे बघत होती. सिनेमा तिच्या लेकीने काढला होता, ती स्वतः मात्र आली नव्हती. 'आपल्या कॉलनीची पोर' म्हणून दोन आठवडे मिरवून झालं होतं, पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांवरून भांडणंही झाली होती. आता तीच पोर घरभेदी ठरली.

कॉलनी म्हणजे बेचाळीस सारखी घरं. फाटकं सारखी, कुंड्या सारख्या, खिडक्यांना मोतिया रंगाचे पडदेही सारखे. समितीचा नियमच होता, आणि ते पडदे पंचवीस वर्षं शिवणबाईच शिवत आली होती. रविवारी सकाळी नऊ वाजता झाडून सगळे पुरुष गाड्या धुवायला बाहेर पडत. एखाद्याच्या अंगात ताप असला तरी तो निदान बादली घेऊन उभा राहायचा. लेकीने हे जसंच्या तसं दाखवलं होतं. या लोकांची बदनामी करायला पदरचं काही घालावं लागत नाही, नुसतं दाखवलं तरी पुरतं.

पण खरी मिरची झोंबली ती ट्रकबाईची. वीस वर्षांपूर्वी सतरा नंबरात एक कुटुंब राहायला आलं होतं. बाई ट्रक चालवायची, नवरा घर सांभाळायचा. मुलीची वेणी तोच घालायचा, तीही पायरीवर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. कपडे पुढच्या अंगणात वाळत घालायचा आणि वर शीळ वाजवायचा. कॉलनीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना म्हणू लागल्या, "बघा जरा, शिका काहीतरी." तिथेच माशी शिंकली. सहा महिन्यांत समितीचं पत्र निघालं: ट्रकमुळे गल्ली अडते, मुलांच्या जिवाला धोका आहे. गल्ली कसली अडतेय! ट्रक मागच्या मोकळ्या जागेत उभा असायचा. पण एक्केचाळीस घरांनी सह्या केल्या, आणि ते कुटुंब आपलं सामान आपल्याच ट्रकमध्ये भरून निघून गेलं.

सिनेमात मात्र सह्या चाळीसच होत्या. सिनेमातली शिवणबाई अध्यक्षांना दारातच अडवते, "मी सही करणार नाही, काय करायचं ते करा," असं सुनावते आणि त्यांच्या तोंडावर दार लावते. खऱ्या शिवणबाईने असलं काही केलं नव्हतं. कॉलनीतलं कुठलंही पत्र एक नंबरच्या घरापासून फिरायला निघतं, हा तिथला रिवाज, आणि एक नंबरचं घर तिचं. ट्रकबाईच्या पत्रावर पहिली सही तिचीच होती. त्या वेळी तिने तोंडात टाचण्या धरलेल्या होत्या, म्हणून एक शब्दही बोलावा लागला नव्हता. कॉलनीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त लेकीला.

ट्रकबाईची मुलगी म्हणजे लेकीची एकुलती एक मैत्रीण. ते लोक गेले त्या दिवशी आठ वर्षांच्या लेकीने विचारलं होतं, "आई, तू नाही ना केलीस सही?" शिवणबाई म्हणाली होती, "नाही गं, मी कशाला करू?" या एका वाक्यावर तिने लेकीकडून वीस वर्षं मान मिळवला. नवरा गेल्यावर तर तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं. लेक मुलाखतींमधून सांगायची, आमच्या गल्लीत माझी आई एकटी ताठ उभी राहिली. शिवणबाई ती कात्रणं कपाटात जपून ठेवायची आणि पुन्हा वाचायची मात्र नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी अध्यक्ष आले. वीस वर्षांपूर्वीचेच अध्यक्ष, फक्त केस आता जास्त काळे. हातात नवं पत्र होतं: हा सिनेमा धादांत खोटा आहे, तो कुठेही दाखवू नये. ते वर्तमानपत्रांना जाणार होतं.

"वहिनी, खुद्द आईची सही असली की पत्राला वजन येतं."

"पोटच्या पोरीविरुद्ध सही करू? भाऊ, शुद्धीवर आहात ना?"

अध्यक्ष रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून एक पिवळा पडलेला कागद काढून तिच्यासमोर धरला. "सिनेमात फार शूर दिसता हो तुम्ही. हा कागद लेकीला पाठवला तर बिचारीला काय वाटेल?"

शिवणबाईला त्या माणसाचा असा संताप आला की हातातली कात्री तिने मुद्दाम लांब ठेवली. मग तिने सही केली.

"पहिली सही नेहमी तुमची," अध्यक्ष म्हणाले. "बरं वाटतं."

तिने जुन्या कागदासाठी हात पुढे केला. त्यांनी तो घडी घालून परत खिशात टाकला. "हा असू दे आमच्याकडे. वेळ काही सांगून येत नाही."

म्हणजे हे इथे संपणार नव्हतं. हा माणूस उद्या येणार, परवा येणार, मरेपर्यंत येत राहणार. त्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं, असं मनाशी म्हणत तिने लेकीला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ट्रकबाईचं पत्र, टाचण्या, खोटं.

"माहीत आहे मला," लेक म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तुझी सही. शाळेत असताना समितीच्या फायली लावायला तूच पाठवलं होतंस ना मला? तेव्हा पाहिली."

"मग मुलाखतींतून आणि सिनेमातून मला शूर का दाखवलंस?"

"तू काय करायला हवं होतंस ते तुला एकदा दिसावं म्हणून. वाटलं, दिवे लागल्यावर तू उठून खरं सांगशील. तीन दिवस फोनची वाट बघतेय मी."

शिवणबाईचं डोकं फिरलं. "अगं, ते सगळे मला मनातल्या मनात हसत होते!"

"हसू दे. ट्रकबाईला हसत होते तेव्हा तू त्यांचे पडदे शिवत होतीस." लेकीचा आवाज चढला नव्हता. "आता नवं पत्र काढलं असेल त्यांनी. तुझ्याकडे आले होते?"

"आले होते."

"मग?"

"केली सही," शिवणबाई म्हणाली. "आत्ताच. तुला हे कळू नये म्हणून."

मग लेक म्हणाली, "उद्या पेपरवाले मला विचारतील. काय सांगू त्यांना?"

"सांग, माझी आई भित्री आहे."

"ते तूच सांग," लेक म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

शिवणबाईने पडदा बाजूला सारला. अध्यक्ष सातव्या घराच्या फाटकाशी उभे होते, पत्र पुढे करून. तिथवर चालून जायला दोन मिनिटंही लागत नाहीत. सातव्या घरातल्या बाईने पेन घेतलं, सही केली. शिवणबाई बघत राहिली, आणि अध्यक्ष आठव्या घराकडे वळले.