दोन आडनावांचे पान

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड आणि भयंकर रागीट ग्रंथ आहे. वेल्श भाषेतले बायबल. सध्या मुक्काम कार्डिफच्या एका दप्तरखान्यात, करड्या पुठ्ठ्याच्या पेटीत. मला उचलण्याआधी माणसे हात धुतात आणि माझ्याखाली मऊ उशी ठेवतात. हे सगळे लाड म्हातारपणी! तरुणपणी याच माणसांनी माझे काय हाल केले ते ऐका, मग मला रागीट म्हणा.

माझा जन्म लंडनच्या छापखान्यात झाला, त्याला अडीचशेहून अधिक वर्षे झाली. वेल्सच्या डोंगरातल्या रीस थॉमस नावाच्या शेतकऱ्याने मला विकत घेतले. घरातले जन्म-मृत्यू माझ्या मधल्या कोऱ्या पानावर लिहायचे, ही तिकडची रीत. रीसने आधी स्वतःचे नाव लिहिले आणि खाली मुलाचे: इव्हन रीस. त्या पानाचा मला फार अभिमान वाटे. तेच पुढे माझ्या जिवावर उठले.

इव्हन बायकापोरांसह मला घेऊन जहाजात बसला आणि अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरात, जिथे रस्ताच संपत होता, तिथे जाऊन राहिला. ती जमीन आधी दुसऱ्या कुणाची तरी होती. तिची नोंद मात्र कुणी माझ्यात केली नाही. थोरल्या मुलाने, ग्रिफिथने, बापाच्या बरोबरीने झाडे तोडून घर उभे केले. त्या घरात मी काय काय झालो, विचारू नका. तंबाखूची पाने दाबायला मी. जेवताना पोराचा हात टेबलाला पुरेना की त्याच्या बुडाखाली मी. डुकराच्या चरबीचा दिवा कलंडला, तोही माझ्याच अंगावर.

इव्हन गेला आणि झऱ्याकाठच्या जमिनीवरून भाऊ भांडले. धाकट्या थॉमसने दारात बंदूक धरून थोरल्याला घराबाहेर काढले. पुढे थॉमसच्या नातवाने तोच राग धरून माझे पान उघडले, ग्रिफिथच्या नावासमोर समासात 'चाकर' असा शब्द लिहिला आणि मला मिटून टाकले. मी ओरडू शकत नव्हतो. टेकडीवरच्या घरच्या दफनभूमीला त्यांनी कुंपण घातले, फाटकाला कुलूप लावले. ग्रिफिथच्या वंशातले कुणी पुन्हा आत गेले नाही.

मला नंतर एका फिरत्या वेल्श धर्मोपदेशकाच्या गळ्यात मारले. त्याने मला परत वेल्सला आणले. त्याच्या चॅपलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या, ओल्या कपाटात मी शंभर वर्षे कसर पोसली. चॅपल बंद पडले तेव्हा इथे आलो.

गेल्या मार्चात दोन पाहुणे मला बघायला आले. दोघेही अमेरिकेहून, दोघेही सत्तरीचे, पण विमाने वेगळी आणि टेबलाची टोकेही वेगळी. हार्लन रीस हा थॉमसचा वंशज. दफनभूमीची किल्ली तो खिशात घेऊन हिंडे. लोरेना इव्हन्स म्हणे, आम्ही ग्रिफिथची माणसे. तिचा भाऊ हिवाळ्यात वारला होता. त्याची रक्षा पूर्वजांशेजारी पुरावी, ही त्याची शेवटची इच्छा. रक्षेचा डबा महिनाभर तिच्या स्वयंपाकघरात पडून होता आणि हार्लन फाटक उघडत नव्हता.

"पुरावा दाखवा," तो तिच्याकडे न बघताच म्हणाला. "इव्हन्स आडनावाची माणसे वेल्समध्ये पैशाला पासरी मिळतात."

मला सांभाळायला त्या दिवशी देवयानी राजवाडे होती. कार्डिफलाच जन्मलेली, दप्तरखान्यातली सर्वांत नवी मुलगी. तिने माझे पान उघडले. इव्हनने आपल्या हाताने लिहिले होते: ग्रिफिथ इव्हन, मेरी इव्हन, जन्म वेल्स; थॉमस रीस, जन्म अमेरिका. समासात तो मेला शब्द.

"बघा!" हार्लनने बोट माझ्यावर टेकवले. तेही बिस्किटाचे, चिकट. "आडनाव वेगळे, आणि चाकर असे लिहिलेलेही आहे. विषय संपला."

इथल्या जुन्या अधिकाऱ्यांनी त्याला पत्राने वेल्श लोकांची नावांची रीत कळवली होती. त्याने पत्र केराच्या टोपलीत टाकले होते, आणि हे तो मोठ्या फुशारकीने सांगे. मला त्या माणसाचा इतका संताप आला की पाने असती तर... पाने आहेत, हात नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत देवयानीने मागच्या खोलीत मला उशीवर ठेवले, सँडविच लांब दुसऱ्या टेबलावर ठेवले आणि वडिलांना फोन लावला. पुरुषोत्तमराव निवृत्त डॉक्टर होते, मोठ्या आवाजात बोलत.

"बाबा, नॉटिंगहॅमच्या काकाचा सरनेम वेगळा का आहे?"

"अगं, तो इथे आला तेव्हा फॉर्म भरताना गोंधळ झाला. आजोबांचं नाव सरनेमच्या बॉक्समध्ये गेलं. मग जीपीच्या दवाखान्यात, कौन्सिलला, बँकेत, सगळीकडे तेच चिकटलं. तो दत्तात्रय, आपण राजवाडे."

"मग अन्वी माझा रिअल कझिन आहे ना?"

"वेडी आहेस का! सख्ख्या काकाची मुलगी आहे. आणि 'माझी' म्हण, बाळा."

देवयानी हसली. मग माझ्या पानाकडे बघत राहिली. वरून खाली, खालून वर. आणि सँडविच तसेच टाकून मला उचलून बाहेर आली.

"मिस्टर रीस," ती म्हणाली, "हा सर्वांत वरचा माणूस कोण?"

"रीस थॉमस. आमचा मूळ पुरुष."

"त्याच्या मुलाचे नाव इव्हन रीस. मग तुमच्या नियमाने इव्हन त्याचा मुलगाच नव्हे. बापाचे आडनाव थॉमस, मुलाचे रीस. तोही चाकरच म्हणायचा?"

हार्लन पानावर आणखी वाकला.

"बापाचे नाव मुलाच्या नावापुढे लावायचे, एवढीच रीत होती," ती म्हणाली. "आमच्यातही वडिलांचे नाव मध्ये लावतात. वेल्समध्ये जन्मला तो ग्रिफिथ इव्हन, म्हणजे इव्हनचा ग्रिफिथ; त्याचीच माणसे पुढे इव्हन्स झाली. अमेरिकेत जन्मला त्याला शेजाऱ्यांसारखे कायमचे आडनाव मिळाले, रीस. बाप एक, हस्ताक्षर एक, पान एक. माझ्या सख्ख्या काकांचे आडनावही वेगळे आहे. ते मला परके नाहीत."

हार्लनने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि ते पान पुन्हा वाचले. बोट आता माझ्यापासून वीतभर दूर होते. त्याने समासातल्या शब्दाकडे पाहिले. "माझ्या खापरपणजोबांचे अक्षर," तो म्हणाला. मग खिशात हात घातला आणि किल्ली आपटली. टेबलावर नव्हे, थेट माझ्या उघड्या पानावर!

देवयानी किंचाळली. "घ्या," तो लोरेनावर ओरडला. "पुरा त्याला. मी येणार नाही, फूलही वाहणार नाही."

लोरेनाने किल्ली दोन्ही हातांनी उचलली. "माझा भाऊ घरी जाईल एकदाचा," ती पुटपुटली आणि रडू लागली.

हार्लन दारापर्यंत गेला आणि तसाच पाठमोरा थांबला. "हिच्यावरून नवी किल्ली करून घ्या," तो गुरगुरला. "ही मला परत हवी."

मित्रांनो, किल्लीच्या गंजाचा तो डाग निघणार नाही, असे देवयानीने माझ्या कागदपत्रांत लिहिले आहे. न निघो. इतक्या डागांत हा एकच मला रागवायला लावत नाही. मला जपा, माझ्या अंगावर बिस्किटे खाऊ नका. पण त्याहून एक गोष्ट पाळा. रागाच्या भरात कुणाच्या नावासमोर काही लिहू नका. कागद फार चिवट असतो. तुम्ही लिहून विसरता, आणि कुठल्यातरी दूरच्या स्वयंपाकघरात एक डबा महिनाभर वाट बघत राहतो.