एकही सवारी नाही

वडनेर फाट्यावर हायवेच्या दुभाजकातला गाड्या वळायचा कट बुजवायचा की ठेवायचा, हे म्हणे नागपुरातले एक गणिती मॉडेल ठरवणार होते. त्याला आकडे पुरवायला अभियंता कैलास आला होता. सात जणांच्या गाडीत एकटाच, काचा चढवून. गाड्या थांबवून प्रश्न विचारायचे काम माझ्याकडे. एम.ए. झालेल्या मुलींना उन्हात उभे करण्याची सोय आपल्याकडे मुबलक आहे.

टॅबवर तीन चौकटी होत्या: एकटा, दोघे, तीन व अधिक. सगळी मानवजात तेवढ्यात बसवून हा गृहस्थ समाधानाने ताक पीत असे. इंग्रजी प्रश्नाचे मराठीही त्यानेच केले होते: 'सवारी किती?'

लहानूची जीप थांबली. पलीकडच्या शिवारात कापूस वेचायला निघालेल्या चौदा बाया, मांडीला मांडी, श्वासाला श्वास.

"सवारी किती?"

"सवारी? एकबी नाई मॅडम. घरचीच मानसं हायेत."

इथे सवारी म्हणजे भाडे देणारा माणूस, आणि जीपला तसा परवाना नाही. तीन दिवस प्रत्येक जीपवाला हेच सांगत होता, आणि खचाखच भरलेली प्रत्येक जीप 'एकटा' या चौकटीत जाऊन रिकामी होत होती.

मी कैलासला सांगितले. त्याने काच चार बोटे खाली केली.

"उत्तर येईल तेच भरा. आणि एकट्या चालकाला कट कशाला हवा? पुढच्या पुलाखालून वळेल. चार किलोमीटर म्हणजे काय अंतर आहे?"

जीपच्या कडेला बसलेल्या विमलाबाईने ते ऐकले. कट बुजला की लहानू अलीकडेच उतरवणार, आणि ट्रकांच्या मधून दुभाजक चढायचा तो यांनी.

"काऊन रे लहानू, आमी कापसाचे बोरे हाओत काय?"

"चूप राह्य ना मावशी. चालान फाडतीन ना माह्यं!"

"फाडू दे. लिही वं पोरी, चौदा सवारी. रोज भाडं देतो आमी."

लहानूचा चेहरा उतरला. मी चौदा लिहू पाहिले. टॅबने 'तीन व अधिक' एवढेच स्वीकारले. कैलासने अडाण्यांसाठी राखून ठेवलेल्या करुणेने समजावले, "या वर्गात मॉडेल सरासरी साडेतीन माणसं धरतं."

"साडेतीन?" विमलाबाई म्हणाली. "मंग बाकीच्या साडेदहा जनीनं उतराव काय?"

"अर्धी कोन वं, कोकिळा काय?" मागून कोणी सगळ्यांत बारक्या बाईकडे बघत म्हणाले, आणि जीप हसण्याने हलली.

मग त्या खरोखरच उतरल्या, आणि कटाच्या मधोमध बसल्या. दोन्ही बाजूंनी ट्रक भोंगे वाजवू लागले. विमलाबाईने कैलासच्या काचेवर टकटक केली.

"उतर साहेब. बोट लावून मोज, अन् कागदावर लिहून सही दे. मंगच उठतो."

तीन दिवसांत प्रथमच त्याच्या बुटांना फाट्याची धूळ लागली. कागद माझा, पेनही माझेच. चौकटींविना त्याची बोटे परक्याची असल्यासारखी लोंबत होती.

चौदापर्यंत मोजताना तो दोनदा चुकला.