पितळी अंगठा

दचकू नका मित्रांनो. मी एक जुनी हीट गन आहे, पण माझ्यातून गोळी सुटत नाही, नुसती गरम हवा सुटते. आकार पिस्तुलाचा, आवाज मोठा, आणि स्वभाव विचाराल तर एकदम तापट. खटका दाबला की मी लगेच तापते. शांत व्हायला मात्र वेळ घेते. आमच्या दुरुस्तीच्या कारखान्यात येणारी माणसं एकमेकांना सांगायची, "हिच्या नादी लागू नका, भाजेल." मला त्याचा अभिमान वाटायचा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आत तारेचं वेटोळं बसवलं, त्यामागे छोटा पंखा, बाहेर लाल कवच आणि नाकाच्या जागी पोलादी नळी. तपासणाऱ्या बाईंनी मला एकदा सुरू करून पाहिलं. "ही जरा जास्तच तापते," असं म्हणून त्यांनी मला खोक्यात भरलं. ती माझी पहिली शाबासकी होती, असं मी धरून चालते.

तिथून मी दोन भावांच्या हाती आले. जळालेल्या मोटरी दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. खाली त्यांचा छोटा कारखाना आणि वर धाकट्याचं घर. भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं टांगलेली असायची आणि वंगणाचा वास चहालाही यायचा. तारेचा जोड मारला की त्यावर एक बारीक नळी सरकवायची, आणि मी फुंकर घातली की ती आवळून जोडावर घट्ट बसायची. हे माझं रोजचं काम. मोठा भाऊ बोलका, हातवारे करणारा, कामात झपाट्याचा. धाकटा सावकाश, नेमका आणि अबोल. मोठा त्याला "छोट्या" म्हणायचा. त्या छोट्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या तरी म्हणायचा. दोघे शेजारीशेजारी बसून जेवायचे, आणि डब्यातला शेवटचा घास तू घे, तू घे करत तसाच राहायचा.

मग बेकरीची ती मोटर आली.

पीठ मळायच्या यंत्राची मोटर होती. दुरुस्त करून दिली, आणि तिसऱ्याच दिवशी ती धूर काढत परत आली. बेकरीवाला रागाने लालबुंद. कारखान्यात इतरही गिऱ्हाइकं उभी होती. सगळ्यांच्या देखत मोठा भाऊ म्हणाला, "हे छोट्याचं काम आहे. त्याचं लक्षच नसतं."

मित्रांनो, त्या मोटरीतला शेवटचा जोडच जळाला होता, आणि तो मोठ्याने मारला होता. त्यावरची नळी माझ्याच हवेने आवळली होती आणि मला धरणारा हात त्याचाच होता. मला हे ठाऊक होतं. धाकट्यालाही ठाऊक होतं. पण मोठ्या भावाला चारचौघांत खोटं कसं पाडायचं, म्हणून तो मूग गिळून बसला. माझ्या तोंडातून तर हवाच निघते, शब्द नाही. तेव्हा मला माझाच फार संताप आला.

दुसऱ्या दिवसापासून धाकटा त्याच्याशी बोलेना. मोठ्यालाही आपण काय केलं ते कळलं असावं, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. काही दिवसांनी त्याने येणंच बंद केलं. त्याचं घर चार गल्ल्या पलीकडे होतं. तरी वर्षांमागून वर्षं दोघांची अळीमिळी गुपचिळी चालू राहिली.

माझेही दिवस फिरले. धाकट्याने नवी हीट गन आणली. निळी, अंगावर आकडे दाखवणारी. मला वायर गुंडाळून सगळ्यांत खालच्या फळीवर ठेवलं. अंगावर चिंध्या आणि शेजारी मोडका पंखा. मोठ्याच्या हातचं काही डोळ्यांसमोर नको, म्हणून मला हलवलं असेल, अशी मी मनाची समजूत घालत असे. खरं सांगायचं तर फार वाईट वाटायचं. तापट माणसाला गार पडून राहायला सांगणं ही मोठी शिक्षा आहे.

मला तिथून बाहेर काढलं ते धाकट्याच्या लेकीने. ती हाताने शुभेच्छा कार्डं बनवते आणि कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात ठेवते. दुकानातल्या काकू तिला म्हणाल्या होत्या, "फुलं झाली, फुलपाखरं झाली. आता पुरुषांना देण्यासारखं काहीतरी कर की गं! लोक वडलांसाठी मागतात, सरांसाठी मागतात, आणि मी त्यांना गुलाब दाखवते."

घरी येऊन तिने बाबांना विचारलं, "बाबा, पुरुषांना काय आवडतं?"

"शांतता," बाबा म्हणाले आणि पुन्हा मोटरीत डोकं घातलं.

मग ती स्वतःच कारखानाभर शोधत फिरली. वॉशर, नट, दातेरी चाकं, पान्याचं टोक, जे मिळेल ते तिने धुऊन पुसून घेतलं आणि शाईत बुडवून कागदावर उठवून पाहिलं. गर्द निळे, राखाडी, तपकिरी जाड कागद आणले. काय सुरेख दिसायचं म्हणून सांगू! नुसत्या शाईवर मात्र तिचं समाधान होईना. तिला नक्षी कागदावर उंच उठलेली हवी होती. त्याची रीत अशी असते: चिकट, बिनरंगाची शाई घ्यायची, तिने ठसा उमटवायचा, ती ओली आहे तोवर वर पितळी रंगाची पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकून टाकायची आणि मग उरलेली गरम हवेने वितळवायची. गरम हवेसाठी ती फळ्या धुंडाळू लागली आणि चिंध्यांखाली मी सापडले.

पहिल्या दिवशी मी तिची सगळी पावडर उडवून लावली. केसांत, टेबलावर, बाबांच्या चहात.

"बाबा, ही फारच तोंडाळ आहे!"

"तिला दोन वेग आहेत. तू थोरला लावलायस," बाबा न बघताच म्हणाले. "आणि एकदम समोर धरू नकोस. लांबून, कडेकडेने ये."

तिने तसं केलं. पावडर आधी नुसती रेतीसारखी कोरडी दिसत होती. मग कडेने ओलसर झाली, झर्रकन चमकली आणि दातेरी चाक कागदावर उभं राहिलं. बोट फिरवलं तर दाते हाताला लागत होते. आयुष्यभर मी वस्तू आवळल्या, वाळवल्या, कधी जाळल्याही. माझ्या हवेने काहीतरी वर उठलेलं मी प्रथमच पाहत होते. मला रडण्याची सोय असती तर मी रडले असते.

कार्डं खपू लागली. स्टेशनरीवाल्या काकू खूश होत्या. लेक रोज काहीतरी नवं शिकत होती. कागदावर हाताचा तेलकटपणा राहिला तर पावडर तिथेही चिकटते, हे तिला एक कार्ड वाया गेल्यावर कळलं. मग ठसा मारण्याआधी ती कागदावरून टाल्कम पावडरची पुरचुंडी फिरवू लागली. आपला बाप दिवसभर वंगणात हात घालून बसलेला असतो, हे मात्र तिच्या लक्षात आलं नाही.

एके दिवशी तिची आई वरून खाली आली आणि म्हणाली, "ऐकलंत का? दादा चालले. मुलाकडे राहायला, कायमचे. सामानही बांधून झालंय. रविवारी निघणार."

धाकट्याने मान वर केली नाही. पण हातातला स्क्रू त्याने इतका आवळला की त्याची खाच गेली.

लेकीने त्याच दुपारी गर्द निळा कागद कापला. "बाबा, काकांसाठी कार्ड करतेय. खाली सही कराल?"

"नाही."

"नुसतं नाव लिहा."

"तुझं कार्ड, तुझा काका. मला मध्ये घेऊ नकोस."

"माझा काका तुमच्यामुळेच झाला ना?"

धाकट्याने एक बेअरिंग उचललं आणि त्यात वंगण भरत बसला. लेकीने कागदावर दातेरी चाकाचा ठसा उमटवला. तेवढ्यात आईने वरून हाक मारली आणि ती जिना चढून गेली.

मी टेबलावरच होते, म्हणून सगळं पाहिलं. धाकट्याने जिन्याकडे बघितलं. कुणी नाही. मग तो उठला, हळूच कार्ड उचललं, उजेडात तिरकं धरलं आणि चाकाचे दाते निरखले. "एक दाता कमी उमटलाय," असं पुटपुटला आणि कार्ड होतं तस्सं जागेवर ठेवलं. गर्द निळ्या कागदावर काहीच दिसत नव्हतं.

लेक खाली आली. पावडर भुरभुरली, झटकली, माझा खटका दाबला. चाक उठलं. आणि चाकाच्या शेजारी आणखी काहीतरी उठू लागलं. बारीक बारीक पितळी रेघा, एकीच्या आत एक, गोल गोल फिरणाऱ्या. मी फुंकत राहिले, थांबणं माझ्या हाती नव्हतं.

"बाबा! हे काय केलंत? निदान हात तरी पुसायचे! शाई वाळेल म्हणून मी धावत आले आणि तुम्ही…" तिचा आवाज रडवेला झाला. मग ती कागदाकडे बघतच राहिली आणि एकदम हसू लागली. "सही करत नव्हतात ना? आता तर अंगठा दिलात!"

"म्हणजे या वयात मी अंगठेबहाद्दर झालो!"

पण तो हसला नाही. त्याने चष्मा लावला आणि कार्ड दोन्ही हातांनी धरलं. आता हा ते टराटरा फाडणार, असं मला वाटलं. लेकीलाही वाटलं असावं, कारण ती कार्ड घ्यायला पुढे सरकली होती.

"अर्धाच उठलाय," तो म्हणाला. "खालचा भाग पुसट आहे."

"मग?"

"दादाला असलं अर्धवट काम पाठवायचं? नावं ठेवेल तो. दुसरा कागद काप."

लेकीने पटकन दुसरा कागद कापला, नवा ठसा मारला आणि शाईचा पॅड बाबांच्या पुढे सरकवला.

"ही नको," बाबा म्हणाले. "वंगणच बरं. त्याला ओळख पटेल."

त्याने डब्यात अंगठा टेकवला, जास्तीचं चिंधीला पुसलं आणि चाकाच्या खाली अंगठा नीट, सरळ दाबला. पावडर घातल्यावर त्याने मला उचललं. त्या बेकरीच्या मोटरीनंतर प्रथमच त्याचा हात माझ्या मुठीला लागला होता. हात किंचितही हलला नाही. प्रत्येक रेघ उठून आली.

संध्याकाळी लेक कार्ड काकांच्या दारात देऊन आली. काका घरी नव्हते. घरातल्या काकूंच्या हाती दिलं, एवढंच तिने सांगितलं.

दुसरा दिवस उजाडला. धाकट्याचं सगळं लक्ष दाराकडे. एक बेअरिंग उलटं बसवलं, काढलं आणि पुन्हा उलटंच बसवलं. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. "निघायची गडबड असेल," आई म्हणाली. "मी कुठे काय विचारलं?" तो तिच्यावर खेकसला. मित्रांनो, मी तापट खरी, पण त्या दिवशी तो माझ्याहून जास्त तापला होता, आणि ते रागाने नव्हे, हे लहान पोरालाही कळलं असतं.

ऊन कलल्यावर दारात सावली पडली. मोठा भाऊ आला होता. हातात काठी आणि खिशात निळं कार्ड. आत येऊन त्याने भावाकडे पाहिलंच नाही. रिळं पाहिली, भिंती पाहिल्या, मग मला पाहिलं.

"ही अजून जिवंत आहे?"

"आहे," धाकटा म्हणाला.

मोठ्याने कार्ड टेबलावर ठेवलं. लेकीकडे वळून म्हणाला, "पोरी, तुझी ती पावडर आण." मग त्याने वंगणाचा डबा ओढला, त्यात अंगठा बुडवला आणि भावाच्या अंगठ्याच्या शेजारी आपला अंगठा दाबून धरला. उचलायलाच तयार नाही.

"त्या बेकरीच्या मोटरचा शेवटचा जोड माझा होता," तो म्हणाला. "हे घे, अंगठा देऊन सांगतो. सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं, ते चुकलं माझं."

"मला माहीत होतं."

"माहीत होतं, तर बोलला का नाहीस गाढवा, इतकी वर्षं?"

"तू मोठा आहेस."

मोठ्याने तोंड फिरवलं आणि बाहीने डोळे पुसले. लेकीने पावडर भुरभुरली. धाकट्याने मला हातात घेतलं, पण आज तो हात थरथरत होता. माझी हवा भलतीकडेच जाऊ लागली, पावडर उडाली, मोठ्याच्या मिशीत जाऊन बसली.

"हात स्थिर धर, छोट्या," मोठा म्हणाला. मग त्याने स्वतःचा हात भावाच्या हाताखाली धरला आणि दोघांनी मिळून मला पेललं.

रविवारी मोठा भाऊ ठरल्याप्रमाणे गेला. कार्ड तो घेऊन गेला. आता धाकट्याचा फोन कामाच्या वेळीही वाजतो, आणि मोटर उघडी टाकून हा माणूस हसत बसतो. मी आता टेबलावरच असते. माझी वायर मात्र जुनी झाली आहे, तेवढी कुणीतरी बदलावी.

मित्रांनो, उपदेश करणं माझ्या स्वभावात नाही. पण तुम्ही इतकं ऐकलंत, म्हणून एक मागते. तुमच्या घरातलं एखादं कमी बोलणारं माणूस तुमचं कार्ड बघायला गुपचूप जवळ आलं, तर त्याला आधी हात धुऊन ये म्हणून हाकलू नका.